टाकीचा पाहुणचार

फेस पहिल्यांदा पाहिला चंद्रव्वाअक्काने, आणि तिला ते धुकं वाटलं.

जानेवारीतल्या सकाळी होटगी रोडच्या बाजूला धुकं पडतं, त्यात नवल काही नव्हतं. डेअरीच्या मागच्या दारात उभी राहून अक्का कपाळाला विभूती लावत होती. नवल एवढंच की हे धुकं आवाराच्या एकाच कोपऱ्यातून वर येत होतं, जमिनीवरून तिच्या दिशेने सरकत होतं आणि त्याला आंबलेल्या ताकाचा वास होता. सायकल स्टँड त्याने गिळून टाकलं होतं. धाकट्या भावाच्या, म्हणजे चनमल्लप्पाच्या, बुलेटचं फक्त हँडल बाहेर राहिलं होतं. उभा जन्म दूध उतू जाताना पाहिलेल्या बाईला आणखी काही सांगावं लागलं नाही.

“सिद्धेऽऽ! अगं उठ की! तुझी टाकी उतू चालली!”

सिद्धेश्वरी पहाटेच्या गाडीने पुण्याहून आली होती आणि जेमतेम दोन तास झोपली होती. ती चप्पल न घालताच धावत आली, फेसात कमरेपर्यंत शिरली आणि आत कुठेतरी दिसेनाशी झाली. नुसता आवाज येत राहिला. “अगं बाई. अगं बाई गं. अगं बाई!”

तीस वर्षं नागणसुऱ्यांच्या डेअरीचं धुण्याचं पाणी, म्हणजे कॅन आणि कढया धुतलेलं दुधाळ पाणी, मागच्या ओढ्यात जात होतं. ओढा सडला, खालच्या वस्तीने तक्रार केली आणि गेल्या उन्हाळ्यात प्रदूषण मंडळाची शेवटची नोटीस आली. पाणी शुद्ध करून सोडा, नाहीतर डेअरीला टाळं. तेव्हा अक्काच्या सर्वांत धाकट्या भावाची, गुरुशांतची, ही एकुलती लेक पुण्यातली नोकरी सोडून आली आणि तिने ही टाकी बांधली. टाकीत जंतू असतात, ते दुधाची घाण खातात, पाणी निवळतं, इतकी साधी गोष्ट. पण जंतू हा शब्द ऐकून तिचे थोरले काका, दोड्डप्पा चनमल्लप्पा, महिनाभर तिच्याशी धड बोलले नव्हते. “दुधाच्या धंद्यात जंतू पाळायचे? लोकांला काय सांगू मी?” शिवाय हे जंतू आणायचे कुठून, हा प्रश्न होताच. त्याचं उत्तर अक्काने दिलं. “विरजण आणायचं की. ज्याची टाकी चालू हाय त्याच्याकडनं.” आणि खरंच मोहोळकडच्या एका कारखान्यातून दोन टँकर गाळ आणून टाकीला विरजण लागलं. त्या दिवसापासून अक्का रोज सकाळी टाकीत डोकावून ‘छान लागलंय’ म्हणायची आणि मगच चहा घ्यायची.

आज चार वाजता मंडळाच्या मॅडम नमुना घ्यायला येणार होत्या. नमुना नापास झाला की टाळं. आणि टाळं लागलं की ते सिद्धेश्वरीच्या टाकीमुळे लागलं असं होटगीपासून अक्कलकोटपर्यंतचं सगळं गणगोत म्हणणार होतं. तिने स्वतःच सप्टेंबरात सगळ्यांसमोर सांगून ठेवलं होतं, “नापास झालं तर मी पुन्हा डेअरीच्या कामात तोंड घालणार नाही.” तोंड घालायची तिला किती हौस आहे हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं, म्हणून ते वाक्य सगळ्यांच्या लक्षात राहिलं होतं.

साडेसात वाजता सगळे टाकीच्या कट्ट्यावर जमले. सिद्धेश्वरीच्या डोक्यावर फेसाचा फेटा बसला होता आणि ते तिला सांगायची कुणाची छाती होत नव्हती.

“पाण्यात हवा शून्य,” मीटर वर काढत ती म्हणाली.

“म्हंजे मेली व्हय गं?” अक्काचा हात छातीवर गेला.

“मेली नाहीत. अजीर्ण झालंय जंतूंना. शिवादादा, मी ग्रुपवर काय लिहिलं होतं ते वाच जरा. मोठ्यानं.”

चनमल्लप्पाच्या मुलाने, शिवपुत्रने, फोन पुसून वाचलं. “‘यात्रेचे चार दिवस डेअरी बंद. धुणं नाही म्हणजे टाकीला खायला नाही. रोज एक बादली गूळपाणी घालावं. फक्त एक.’ खाली सगळ्यांचे अंगठे हायत.”

“अंगठा म्हणजे काय समजायचं मी?”

“वाचलं म्हणून,” गुरुशांत हळूच म्हणाला.

“पप्पा, वाचलं ते कळलं. घातलं कुणी?”

सिद्धरामेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत डेअरी बंद ठेवायची ही नागणसुऱ्यांची आजोबांपासूनची रीत. दूध चार दिवस मोहोळच्या शीतकेंद्रावर जातं, कामगार नंदीध्वजांच्या मिरवणुकीला जातात आणि घरात उठता बसता गोडधोड. सिद्धेश्वरी दुसऱ्या ब्लोअरची, म्हणजे टाकीत हवा सोडणाऱ्या यंत्राची, सोय करायला पुण्याला गेली होती. बादली कुणी घालायची हे तिने लिहिलं नव्हतं. या घरात असं मोघम लिहू नये, हे सव्वीस वर्षांत तिला कळायला हवं होतं.

“मी घातलं,” गुरुशांतने कबूल केलं. “एकच बादली. रोज.”

“बरोबर. आणि गूळ किती?”

“जरासा.”

“पप्पा.”

“एक ढेप.”

“चार दिवसांत अख्खी ढेप?”

“रोज.” मग लेकीचा चेहरा बघून त्याने घाईघाईने भर घातली, “अगं, पाणी लई पातळ दिसायलं गं! सणाचं कुणाला असं पाणीच द्यायचं व्हय?”

शिवपुत्र हसला आणि हसताना सापडला. “तू काय केलास रे?” अक्काने विचारलं.

“मी कुटं काय. मला वाटलं काकांच्या ध्यानात न्हाय राहणार. पनीरचं पाणी उरलेलं होतं, तेवढं वतलं. दोन कॅन.”

“आणि अक्का?”

“माझ्याकडं बघू नगंस,” अक्का म्हणाली. “मी म्हातारी बाई, मला काय कळतंय.”

“संक्रांतीला हुग्गीचं एवढं मोठं पातेलं केलंस. मी पुण्याहून फोन केला तर म्हणालीस संपली. वीस माणसांची हुग्गी पाच माणसांत संपली?”

अक्काने पदर सावरला. “देवाला निवेद दाखवला. मग घरातल्या सगळ्यांला वाढली. ही काय बाहेरची हायत? दिवसरात आपली उष्टी खरकटी खात्यात बिचारी, आन् सणाला गव्हाची गोड हुग्गी द्यायची न्हाय? तूपबी घातलंय त्याच्यात.”

“तूपबी घातलंय,” सिद्धेश्वरी म्हणाली, आणि कट्ट्यावर बसून हसू लागली. ते हसू जरा वेडसर होतं. गुरुशांतला आपली लेक रडते आहे की काय असं वाटलं आणि तो रुमाल शोधू लागला. “तरीपण,” ती डोळे पुसत म्हणाली, “एवढ्यानं एवढा फेस येत नाही. आणखी कुणीतरी काहीतरी घातलंय.”

सगळ्यांनी सगळ्यांकडे पाहिलं. चनमल्लप्पा तेवढा आपल्या बुलेटकडे पाहत होता.

*

चनमल्लप्पाला खोटं बोलता येत नसे, म्हणून तो अशा वेळी बोलतच नसे. साठी ओलांडलेला, भरदार मिशांचा हा माणूस टाकीला अजूनही ‘ते डबकं’ म्हणत होता. यात्रेतल्या अक्षता सोहळ्याच्या दिवशी सगळे देवळाकडे गेलेले असताना तो एकटा किल्ली घ्यायला डेअरीत आला होता. सगळीकडे सामसूम होती. कढया उपड्या, पट्टे थांबलेले, फक्त मागे ब्लोअर घुमत होता. तो कट्ट्यावर चढला. खाली तपकिरी पाणी फुटत होतं, उकळत होतं, काम करत होतं. सगळ्या डेअरीला सुट्टी होती आणि यांना नव्हती. त्याला एकदम आपल्या बैलांची आठवण झाली. कारहुणवीच्या सणाला त्यांना आंघोळ घालून गोडधोड चारल्याशिवाय त्याचे वडील जेवत नसत. मग मोहोळला निघालेल्या गाडीतून त्याने दूध उतरवून घेतलं. एक नाही, चार कॅन. फुल क्रीम.

आता सहा महिने ज्याला डबकं म्हटलं त्याला आपण चार कॅन दूध पाजलं, हे पुतणीपुढे कबूल करण्यापेक्षा डेअरीला टाळं लागलेलं बरं, असं त्याला एक क्षणभर वाटलं. पुढच्या क्षणी बेचाळीस कामगार आणि दूध घालणारी तीनशे घरं डोळ्यांपुढे आली आणि त्याने शिवपुत्रला सायकल स्टँडमागे ओढलं.

“बोअरची नळी कुटंय?”

“कशाला अप्पा?”

“मागं शुद्ध पाण्याचं आउटलेट हाय न्हाय, त्याला जोडायची. मॅडम आल्या की बोअर चालू. बाटली भरून घिऊन जाऊ दे. स्वच्छ पाणी.”

शिवपुत्रने एकदा फेसाकडे, एकदा बापाकडे पाहिलं. “सिद्धीला कळलं तर?”

“तिला का कळंल?”

“काय कळायचं हाय मला?” असं विचारत मागून आली ती सिद्धेश्वरी नव्हती, अक्का होती. बेत ऐकून तिने दोन्ही हात कमरेवर ठेवले. आता ही ओरडणार म्हणून बापलेक तयार राहिले. पण अक्काने आवाज आणखी खाली आणला. “पोरीला सांगू नगंस चन्या. आन् नळी हिरवी लाव, तितं गवत हाय, दिसणार न्हाय.”

“अक्का, तूबी?”

“पोरगी परत पुण्याला गेली तर सकाळी मी टाकीपाशी कुणासंगट बोलू? मला ती हितं पायजे.”

राहिला गुरुशांत. त्याला बोलावून सांगितलं की लेकीला मागच्या बाजूला फिरकू द्यायचं नाही. थोरल्या भावाने काही सांगितलं की ‘बरं अण्णा’ म्हणायचं, ही गुरुशांतची पन्नास वर्षांची सवय. यावेळी तो जरा थांबला. “अण्णा, पण मग तिची टाकी पास झाली असं कसं म्हणायचं?”

“आपुन म्हणायचं. कोण विचारतंय?”

“बरं,” गुरुशांत म्हणाला. अण्णा म्हणायचं मात्र तो विसरला.

*

इकडे सिद्धेश्वरी जिद्दीला पेटली होती. दोन गोण्या चुन्याची निवळी टाकीत गेली होती, कारण पाणी आंबट झालं होतं. पण खरी अडचण हवेची होती. “जेवढं जास्त खातील तेवढी जास्त हवा लागते,” ती सगळ्यांना समजावत होती. “पोटभर जेवून दार बंद खोलीत कोंडल्यासारखं झालंय त्यांचं. एक ब्लोअर पुरत नाही आणि दुसरा पुढच्या आठवड्यात येणार.”

“हवाच घालायची न्हवं पाण्यात?” अक्काने विचारलं.

“हो.”

“मग घुसळा की!”

सिद्धेश्वरीने डेअरीकडे वळून पाहिलं. ताक करायच्या मोटारीच्या रव्या डेअरीत पाच होत्या. माणसाएवढ्या उंच, मिनिटात पिंपभर दही फोडणाऱ्या. “अक्का,” ती म्हणाली, “तू इंजिनिअर का नाही झालीस?”

“चौथीत काढली की मला शाळेतनं.”

त्यापुढच्या चार तासांत नागणसुरे डेअरीत जे झालं त्याची गोष्ट त्या घरात लग्नकार्यात अजून सांगतात आणि सांगणारा दरवेळी रव्यांची संख्या वाढवतो. टाकीवर लाकडी फळ्या आडव्या टाकल्या. फळ्यांना रव्या बांधल्या. शिवपुत्रने वायरी ओढल्या, चार वेळा तपासल्या आणि पाचव्यांदा सिद्धेश्वरीने तपासल्यावर बटण दाबलं. पाचही रव्या एकदम सुरू झाल्या आणि पुढच्या मिनिटाला फेस दुप्पट झाला.

“घुसळल्यावर फेस येणारच की!” गुरुशांत आनंदाने ओरडला. असा तो गेल्या कित्येक वर्षांत ओरडला नव्हता.

फेस भिंतीवरून गेटकडे निघाला. रस्त्याने चाललेला एक मोटारसायकलवाला थांबला, त्याने फोटो काढला आणि फेस चाकाला लागताच गाडी वळवून पळाला. चनमल्लप्पा छत्री उघडून गेटात उभा राहिला आणि छत्रीने फेस आत ढकलू लागला. “मागं व्हा! मागं व्हा म्हणतो!” तो फेसालाच दरडावत होता.

“दूध उतू आलं की काय करत्यात?” अक्काने विचारलं आणि उत्तराची वाट न बघता सांगितलं, “तेलाचं बोट लावायचं पातेल्याच्या काठाला.”

मग डाळिंबावर फवारायचा पाठीवरचा पंप आला, त्यात पाणी आणि अगदी थोडं करडईचं तेल. पंप गुरुशांतने पाठीला लावला. तो काठाकाठाने फवारत निघाला तसा फेस सुस्कारा टाकल्यासारखा खाली बसू लागला. एका बाजूने बसवावा तर दुसऱ्या बाजूने वर यायचा. “काका, डावीकडं! डावीकडं आला बघा!” “अरे ती माझी डावी का तुझी?” शिवपुत्र घसरून बसला तो तसाच बसल्या बसल्या सायकल स्टँडपर्यंत गेला. अक्का एका खुर्चीवर उभी राहून हुकूम सोडत होती, अर्धे मराठीत, अर्धे कन्नडमध्ये, आणि दर दहा मिनिटांनी “साकु, साकु, बास झालं तेल!” म्हणत होती. सिद्धेश्वरी मीटर पाण्यात सोडायची आणि आकडा ओरडायची. शून्य पूर्णांक दोन. शून्य पूर्णांक पाच. एक! एकला सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. एक म्हणजे काय, ते किती असायला हवं, कुणालाच माहीत नव्हतं.

दोनच्या सुमाराला ती सावलीत टेकली. हात चुन्याने भाजत होते, केस तेलाने माखले होते. समोर तिचं सगळं घर ओलंचिंब होऊन, एकमेकांवर ओरडत, तिच्या टाकीभोवती पळत होतं. सहा महिने ती या माणसांना कागद दाखवून, आकडे सांगून पटवत होती. पटलेलं होतंच की यांना. फारच पटलं होतं. तिला एवढं प्रेम आलं की त्या भरात प्रत्येकाला एकेक रपाटा घालावा असं वाटलं.

*

रेश्मा मॅडम चारच्या ऐवजी सव्वातीनलाच आल्या. मूळच्या नातेपुत्याच्या, बोलायला सरळ, हातात बाटल्यांचा खोका. गेटात त्यांचं स्वागत छत्री घेतलेल्या, मिशांना फेस लागलेल्या मालकाने केलं.

“हे काय चाललंय?”

“ताक,” चनमल्लप्पा म्हणाला.

मॅडमनी टाकी पाहिली, रव्या पाहिल्या, पाठीवर पंप लावलेला गुरुशांत पाहिला. सिद्धेश्वरीने काहीही न लपवता सांगितलं. खायला जास्त झालं, हवा संपली, सकाळपासून घुसळतोय, मीटर आता दीडवर आहे.

“किती जास्त झालं?”

“गूळ चार ढेपा, पनीरचं पाणी दोन कॅन, हुग्गी एक पातेलं.”

“तूप घालून,” अक्काने पुस्ती जोडली.

मॅडमच्या गालात काहीतरी हललं, पण त्या सरकारी कामावर होत्या. “बघा, मला ऐकून घेता येतं, लिहिता मात्र येत नाही. मी आउटलेटचं पाणी घेणार. त्यात घाण किती उरली त्याचा आकडा लॅब काढते. शंभराच्या वर गेला तर टाळं. जितका खाली तितकं चांगलं. चला, आउटलेट दाखवा.”

“पप्पा, तुम्ही दाखवा ना, मी मीटर बघते,” सिद्धेश्वरी सहज म्हणाली. तिला मागे फिरकू न देण्याचं काम इतक्या सोपेपणाने होईल असं गुरुशांतला वाटलं नव्हतं. तो जागचा हलेना. मग म्हणाला, “न्हाय. तू चल. तुझी टाकी हाय, तूच दाखव.” अण्णाकडे त्याने पाहिलंच नाही.

सगळे मागच्या बाजूला गेले. आउटलेटच्या नळातून पाणी येत होतं. काचेसारखं. सिद्धेश्वरी पाहतच राहिली. इतकं स्वच्छ? आत्ता? तिच्या चेहऱ्यावर असा काही आनंद फुटला की शिवपुत्रने मान वळवली आणि अक्का गवताकडे पाहत पुटपुटायला लागली.

मॅडमनी बाटलीचं झाकण काढलं.

चनमल्लप्पाच्या मनासारखं सगळं झालं होतं. आणखी दहा सेकंद गप्प राहायचं होतं, आणि गप्प राहणं तर त्याला जमतच होतं. पण पोरगी त्या नळाकडे बघून हसत होती. आपलं काम झालं असं समजून हसत होती. आणि पलीकडे ती टाकीतली मुकी बिचारी सकाळपासून जीव तोडून राबत होती, आणि बाटलीत मात्र बोअर जाणार होता.

“थांबा मॅडम.”

तो वाकला. गवतातली हिरवी नळी त्याने हाताला गुंडाळून एका हिसक्यात ओढली. स्वच्छ पाणी थांबलं. नळाने दोन गुळण्या टाकल्या आणि मग त्यातून दुसरं पाणी आलं, किंचित गढूळ, ताकाच्या निवळीसारखं.

“ते बोअरचं हुतं,” चनमल्लप्पा म्हणाला. “मी जोडलो हुतो. पोरीला ठावं न्हाय, तिच्या नावावर घालू नका. हे आमचं खरं पाणी. ज्यांनी काम केलंय त्यांचं पाणी घ्या.”

सिद्धेश्वरी नळीकडे, मग काकाकडे बघत राहिली.

“आन् आणखी एक,” तो आता थांबायला तयार नव्हता. “चार कॅन दूध घातलो मी. अक्षतेच्या दिवशी.”

“दूध?” सिद्धेश्वरी किंचाळली. “दोड्डप्पा! तुम्ही? कुठलं दूध?”

“फुल क्रीम.”

“फुल क्रीम!”

“यात्रेचे दिवस हुते की गं,” चनमल्लप्पा म्हणाला, आणि त्या भरदार मिशांच्या माणसाचा आवाज चक्क फाटला. “सगळ्यांनी जेवायचं आन् त्यांनी नुसतं बादलीभर पाण्यावर राहायचं?”

पहिल्यांदा कोण हसलं ते नंतर ठरवता आलं नाही. शिवपुत्र म्हणतो मॅडम, मॅडम म्हणतात अक्का. मॅडमना शेवटी बाटली खाली ठेवावी लागली.

“कागदावर नळीचं मला लिहावं लागेल,” चष्मा पुसून झाल्यावर त्या म्हणाल्या. “नळी स्वतःहून काढली, हेही लिहीन. आता खरं सांगा, हे पाणी घेऊ? नापास झालं तर माझ्या हातात काही नाही. नमुना दिला की दिला.”

सगळ्यांची तोंडं सवयीने चनमल्लप्पाकडे वळली.

“माझ्याकडं काय बघताय?” तो खेकसला. “तिला विचारा. प्लांट तिचा हाय.”

डबकं नव्हे, प्लांट. पाणी काठावर होतं, सिद्धेश्वरीला दिसत होतं. एक दिवस मागून घेतला असता तर कदाचित मिळाला असता. पण काकाने आत्ता जे केलं होतं त्यानंतर तिला लबाडीची सावलीसुद्धा नको होती.

“घ्या,” ती म्हणाली.

बाटली भरली, सील झाली. पंचनाम्यावर ‘प्लांट प्रमुख’ लिहिलं होतं तिथे तेल आणि चुना लागलेल्या हाताने तिने सही केली. गाडी गेली. रव्या बंद झाल्या. सिद्धेश्वरीने पुण्याची बॅग तशीच भरलेली कोपऱ्यात राहू दिली.

*

फोन आठव्या दिवशी आला. ऑफिसात सगळे होते. सिद्धेश्वरीने स्पीकर लावला.

“नागणसुरे डेअरी?” रेश्मा मॅडम. “रिपोर्ट आलाय. ब्याण्णव.”

गुरुशांतने खुर्चीचा हात धरला. शिवपुत्रने अक्काकडे बघितलं, अक्काने भिंतीवरच्या सिद्धरामेश्वराकडे. सिद्धेश्वरीने दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

“शंभराच्या आत आहे,” मॅडम म्हणाल्या. “काठावर, पण आत. तीन महिन्यांनी पुन्हा येईन. तोवर टाकीला पथ्य पाळा.”

“म्हंजे पास?” चनमल्लप्पाने विचारलं.

“पास, दोड्डप्पा!” आणि ती लहानपणी घालायची तशी मिठी तिने त्याला घातली. पुतणीने मिठी घातली की काय करायचं असतं ते न कळून तो तिच्या पाठीवर कॅन वाजवून बघतात तसं थापटत राहिला.

मग तो स्वतः आत गेला, पेढ्यांचा खोका काढला, गेटवर उभा राहिला आणि दूध घालायला येणाऱ्या प्रत्येकाच्या हातावर पेढा ठेवू लागला. “आमच्या सिद्धीचा प्लांट पास झाला. ब्याण्णव! आमच्या घराण्यात ब्याण्णव कुणाला पडले न्हाईत आजपतूर. हा शिवा तर चाळीसच्या वर कदी गेला न्हाय.”

“दोड्डप्पा,” सिद्धेश्वरी मागून म्हणाली, “तो आकडा कमी असलेला चांगला असतो. ती घाण असते. मार्क नसतात.”

“असू दे की.”

“नाही, म्हणजे ब्याण्णव म्हणजे आपण कसेबसे…”

“अगं, पहिलीच खेप हाय. एवढी नाराज कशाला होतीस?” त्याने तिच्या हातावर दोन पेढे ठेवले, आणि सबंध होटगी रोडला ऐकू जाईल अशा आवाजात, छाती पुढे काढून, पुतणीच्या डोक्यावर हात ठेवत तो म्हणाला, “पुढच्या टायमाला शंभरपैकी शंभर पाडू!”

सिद्धेश्वरीला इतकं हसू आलं की तिला तिथेच, रांगेतल्या कॅनवर, बसावं लागलं.